गाडी डावीकडे ओढते

नेरडीगोंडा,
ता. ९ जानेवारी २०२५

चि. सुरेंद्र भाऊजी यांस प्रयागवहिनीचे आशीर्वाद. माझ्या धाकट्या जावेला, रंजीतालाही सांगा.

आम्ही खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण दोन वर्षांत तुम्ही कळवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. थंडी मरणाची आहे. कापूस वेचून झाला, मधली खोली आढ्यापर्यंत भरली. भाव चढेपर्यंत तिला हात लावायचा नाही, असं तुमच्या दादांचं म्हणणं. त्या खोलीजवळ कुणी बिडी काढली की हे अजून तसेच अंगावर धावतात. म्हणजे ओरडतात.

आता कामाचं, आणि हसायचं नाही. माळ्यावर तुमची रिमोटची गाडी सापडली, निळी, मोठ्या चाकांची. सासूबाईंनी जुन्या लुगड्यात बांधून ठेवली होती. मला ती चालवायची आहे. हो, मलाच. पन्नाशी उलटल्यावर बाईला कसली हौस सुटेल ते सांगता येत नाही. आतली बॅटरी मेली आहे आणि मोबाईलचा चार्जर तिला बसत नाही. तेव्हा पहिलीतल्या पोरीला शिकवावं तसं सांगा. बॅटरी कोणती घ्यायची, चार्ज कशी करायची, वेग कमी कसा ठेवायचा. गाडी सुसाट नको. हळू चालली तरी चालेल, पण सांगितलेलं ऐकणारी हवी. हे शेतात गेले की मी चालवीन.

फोन करू नका. घरात फोन वाजला की यांचे कान तिकडे, आणि यांच्यापुढे तुमचं नाव काढायची सोय नाही, का ते तुम्हाला ठाऊक आहे. तारांचं काम तसंही बोलून कळत नाही, चित्र काढून पाठवा. घरच्या पत्त्यावर नको. हायवेवर वच्छलाबाईंचं किराणा दुकान आहे, तिथे पाठवा.

यांची तब्येत बरी आहे. थंडीने अंग आखडतं, एवढंच.

तुमची वहिनी,
प्रयाग


ता. २८ जानेवारी

चि. सुरेंद्र भाऊजी यांस आशीर्वाद.

पार्सल मिळालं. लगेच पाठवाल असं वाटलं नव्हतं, दुकानातच डोळ्यांत पाणी आलं. वच्छलाबाई विचारायला लागल्या तेव्हा मिरचीवर ढकललं. बॅटरीच्या तारांना सुतळीची गाठ पाहून मात्र हसू आलं. बेल्लमपल्लीला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी वस्तू बांधायची म्हटली की तुम्ही ज्वारीचं पोतंच बांधता.

तुमचे नियम पाठ झाले. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट, नाहीतर ती कुणाचंच न ऐकता सुटते. मोटरीवरचं लहान चक्र मोठ्या चक्राला घट्ट भिडवायचं नाही, मध्ये कागदाची पट्टी धरून तेवढी फट ठेवायची. मी कॅलेंडरचा डिसेंबर फाडला, आता चक्रं कुरकुरत नाहीत. चार्जरवरचं बटण ‘लायपो’, म्हणजे या नव्या जातीच्या बॅटरीचं नाव, लिहिलंय तिकडे. चार्जिंग बाहेर, मडक्यात, आणि आपण जवळ बसून. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही. थंडीत तिचा दम कमी होतो म्हणून गाडीत घालण्याआधी थोडी उन्हात ठेवायची. आहे की नाही हुशार तुमची वहिनी?

गाडी चालली, भाऊजी! वेगाचं बटण तुम्ही सांगितलं तसं अर्ध्यावर ठेवलं, तरी कोंबड्या अजून अंगणात यायला तयार नाहीत. पण ती डावीकडे ओढते. पार कुंपणात जाते. रिमोटवर गाडीची चाकं जरा एका बाजूला वळवून ठेवणारं, ट्रिमचं म्हणून जे बटण आहे ते फिरवू का? आणि रिमोटच्या उजव्या बाजूचं ते वळवायचं चाक डावीकडे लावता येतं का? हाताचा भार पडला तरी गाडीला कळू नये असं काही करता येईल? मूठ धरली की पटकन सुटत नाही, म्हणून विचारते. सांधेदुखी, दुसरं काय.

हे हल्ली घरीच असतात, त्यामुळे चार्जिंग यांचा दुपारी डोळा लागल्यावर उरकते. लवकर लिहा.

तुमची वहिनी,
प्रयाग


ता. ११ फेब्रुवारी

चि. सुरेंद्र भाऊजी,

तुम्ही लिहिलंत, ट्रिमला हात लावण्याआधी जमिनीवर रेघ मारा, रिमोटच्या चाकाला न शिवता नुसता वेगाचा घोडा दाबा. गाडी रेघेवरून गेली तर दोष गाडीत नाही. मी चुन्याची रेघ मारली. गाडी रेघ सोडेना.

खाली तुम्ही एकच ओळ लिहिलीत. “वहिनी, पहिल्या पत्रात दादा शेतात जातात आणि दुसऱ्यात घरी असतात. गाडी कोण चालवतंय?” ती ओळ वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

तुमचे दादा चालवतात. दसऱ्याच्या सुमाराला यांना झटका आला, उजवी बाजू गेली. आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवलं होतं. बोलणं परत आलं, पाय बराचसा आला, हात आला नाही. गावात आम्ही मोटारसायकलवरून पडले असं सांगितलं. दवाखान्यातच यांनी मला शपथ घातली. “सुरेंद्रले सांगशीन तर माह्यं मेलेलं तोंड पाहशीन.” म्हणून मी सांगितलं नाही, नुसतं बॅटरीचं विचारलं. देवाला यातलं काय पटेल ते तो पाहून घेईल.

व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. तो यांनी विहिरीत फेकला. “मी काय लेकरू हाव का?” हातावर पांघरूण टाकून पडून राहायचे, आणि मला तो हात दिसू नये म्हणून कूस बदलायचे. ते मला बघवत नव्हतं. मग मी गाडी काढली. यांच्या खाटेसमोर मुद्दाम भिंतीवर आपटवली. पुन्हा आपटवली. शेवटी ओरडले, “आन इकडं! गाडी असी चालवते का कोनी!” गाडी तुमची आहे हे त्यांना माहीत नाही असं नाही. “माह्या मायनं ठेवली होती, मायची हाय,” एवढं म्हणून रिमोट हातात घेतला. रोज चिंचेपर्यंत नेतात आणि परत आणतात. बॅटरी मी आदिलाबादच्या दुकानातून आणली असं सांगितलं आहे.

सासूबाई गेल्या त्या दिवशी तुम्ही हैदराबादला या रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत होतात आणि फोन बंद होता. हे किती वेळ फोन लावत बसले होते ते मी पाहिलंय. अग्नी द्यायला थांबता येईना. तुम्ही आलात तेव्हा राख उरली होती. “तुह्या गाड्याच तुही माय,” हे दारात तुम्हाला म्हणाले ते मलाही लागलं. पण म्हणून आत्ता येऊ नका. तुमच्याकडून बॅटरी आली हे कळलं तर हे रिमोट खाली ठेवतील, त्यांचा स्वभाव तुम्हाला मी सांगायला नको. डॉक्टर म्हणतात, पहिल्या सहा महिन्यांत हात जेवढा येईल तेवढा आपला. त्यातले थोडेच राहिलेत. मला भीती वाटते, भाऊजी.

एक ठरवून द्या. ट्रिम उजवीकडे सरकवली की यांच्या हातानेही गाडी सरळ जाते आणि यांचा चेहरा फुलतो. पण गाडीच हाताला सांभाळायला लागली तर हात काय शिकणार? हे माझ्या एकटीच्याने ठरत नाही.

प्रयाग


ता. २ मार्च

चि. सुरेंद्र भाऊजी,

घर शाबूत आहे आणि आम्ही दोघं जिवंत आहोत, हे आधी लिहिते.

ट्रिम पूर्ण सरकवा आणि दर तीन-चार दिवसांनी एक टिचकी परत घ्या, दादांना सांगू नका, असं तुम्ही लिहिलंत. तसंच चाललं होतं. टिचकी परत घेतली की एकदोन दिवस गाडी कुंपणात, हे चिडचिड करणार, मग पुन्हा सरळ. आपल्या हातात सुधारणा होतेय असं यांना वाटे, आणि ती खरंच होत होती.

पण माझ्या लपवालपवीत एक मोठी चूक झाली. बॅटरीचे नियम मी यांना सांगितलेच नाहीत. सांगितले तर ‘हे तुले कोनं शिकवलं’ म्हणून विचारतील, ही धास्ती. चार्जिंग मी चोरून करायची. थंडीत तिचा दम जातो, एवढंच कधीतरी बोलण्यात येऊन गेलं होतं.

परवा मी आणि शेजारच्या रुक्माबाई ज्वारीच्या कापणीला गेलो होतो. यांना गाडी चालवायची हुक्की आली, बॅटरी उतरलेली. यांनी डाव्या हाताने चार्जर शोधून काढला. त्यावरचं ते लायपोचं बटण जुन्या जातीच्या बॅटरीकडे सरकलेलं, यांना त्यातलं काय कळणार? बॅटरीला थंडी वाजू नये म्हणून तिला चांगलं हातभर कापसात गुंडाळलं आणि मधल्या खोलीत, कापसाच्या ढिगाला टेकवून चार्जिंगला लावली. ज्या माणसाने त्या खोलीशी बिडी काढली म्हणून भर मजुरीच्या दिवसांत गड्याला हाकलून दिलं होतं, त्याने. आम्हाला बिडी म्हणजे विस्तव. बॅटरीत विस्तव असतो हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत?

मी दारात आले तर नखांना लावायच्या रंगासारखा गोड वास. हे खाटेवर पेंगत होते. कापूस बाजूला केला तर बॅटरी पुरीसारखी टम्म.

“उठा! बाहेर व्हा!”

“काऊन वरडून राह्यली?”

मी वायर ओढली, बॅटरी कापसासकट घमेल्यात घेतली आणि पळाले. उंबऱ्याशी धूर निघाला. अंगणात घमेलं टाकलं आणि ती भडकली, भाऊजी, जीभ लांब करावी तसा जाळ आला. मी वाळू ओतत सुटले. पाहते तर पळताना घमेल्यातून सांडलेला कापूस उंबऱ्यावर धुमसतोय आणि त्याच्यामागे आढ्यापर्यंत भरलेली खोली. हे काठी न घेता आले. खाली वाकले आणि तो धुमसता कापूस उजव्या हाताने धरला. डाव्याने दाराची चौकट धरली होती, दुसरा हात कुठे होता त्यांना? कापूस घेऊन बाहेर आले, पण मूठ सुटेना. आत कापूस जळत होता आणि हे नुसते हाताकडे बघत होते. मी एक एक बोट उलगडलं. ती बोटं उलगडताना मी तुम्हाला, यांना आणि सासूबाईंच्या त्या लुगड्यालाही शिव्या दिल्या.

तळहात भाजला आहे. डॉक्टर म्हणाले फोड वरवरचे आहेत, आणि जळतंय हे कळलं ते चांगलं लक्षण.

संध्याकाळी मलम लावताना यांनी विचारलं, “बॅटरी सुरेंद्रनं धाडली ना?”

मी मलमाची डबी बंद केली.

“गाठ पाह्यली होती म्या, पयल्याच दिशी. बाबाची गाठ हाय ते. दोनच मानसं मारते ते गाठ, अन् त्यातल्या एकाचा हात गेला.”

“मंग बोलले काऊन नाई?”

मग म्हणाले, “बोललो असतो तर तू त्याले लिवनं बंद केलं असतं. मले गाडी चालवाची होती.”

म्हणजे मी यांच्यापासून लपवत होते, हे माझ्यापासून, आणि दोघांच्या मध्ये ती बॅटरी कापसात पडली होती. मी खूप रडले. हेही रडले, पण ते तुम्हाला मी लिहिलं असं म्हणू नका.

आज सकाळपासून यांनी एक वेगळंच टुमणं लावलं आहे. ज्वारी खळ्यावर आली, पोत्यांची तोंडं शिवायची आहेत, आणि गावात कुणाला धड शिवता येत नाही म्हणे. सगळं गाव शिवतं, भाऊजी. “त्याले म्हनाव, पोते शिवाले ये. भेटाले नको येऊ, पोते शिवाले ये.” दाभण आणि सुतळी काढून खाटेखाली ठेवली आहे. रिमोट उशाशी आहे. ट्रिमच्या दोन टिचक्या अजून बाकी आहेत, त्या तुमच्या हाताने परत घ्या. येताना बॅटरी आणा आणि मडक्याचा नियम तुम्हीच यांना सांगा, माझं ऐकत नाहीत.

खालची ओळ यांची आहे, डाव्या हाताने लिहिलेली. बोटाला शाई लागली म्हणून माझ्यावर चिडले. अक्षर लागलं नाही तर सांगते, त्यांनी लिहिलंय, “फोन चालू ठेवजो.”

तुमची वहिनी,
प्रयाग