मोहाच्या खोडापाशी मरळ

१४ नोव्हेंबर १९७९

मरळ मिळाली! शेवटी! दिवाळीपासून तलावभर हिंडत होतो — बांधाच्या पाळीचे दगड, गवताचा काठ, सगळ्या जुन्या जागा. काही नाही. यंदा पावसानं दगा दिला, धानासाठी पाणी कालव्यात सोडलं, तलाव निम्म्यावर आला. मासा जुन्या जागी कशाला बसेल? आज पाण्यातून आमच्या मोहाचं खोड वर आलेलं दिसलं. तिथं गळ टाकला आणि हातभर मरळ!

तोच मोह, धुऱ्यावरचा, शेताच्या बांधावरचा. त्याच्या फुलांवरून माझं नि दादाचं भांडण झालं, शेताच्या वाटण्या झाल्या. पुढच्याच वर्षी तलाव झाला. त्याचं शेत, माझं शेत, मोह — सगळं पाण्याखाली. भांडायला काही उरलं नाही, तरी अबोला उरला. घरं शेजारी शेजारी. हसू येतं कधी कधी. नाही, खरं तर नाही येत.

१५ नोव्हेंबर

मरळीचं डोकं थोरल्याला, ही आमच्या घरची रीत. निर्मलानं दादासाठी वाटीत वेगळं काढून ठेवलं. "नेऊन देता काय जागेश्वरभाऊले?" म्हटलं, उद्या. मग मांजरीला घातलं.

२ डिसेंबर

खोडापाशी आणखी दोन! पाणी अजून उतरलं, तरी मरळ तिथंच. खोडाभोवती बारीक मासोळी गोळा होते, तिच्या मागं मरळ येते. बाकीचे गळवाले रिकाम्या हातानं परतले. पाणी कळावं तर मलाच!

९ डिसेंबर

आनंदावहिनी आज पुन्हा माझ्या गिरणीवरून धानाचा कोंडा घेऊन गेली. म्हैस तर त्यांनी दिवाळीतच विकली. मग कोंडा कोण खातं? विचारलं नाही. दादाची तब्येत कशी, तेही विचारायचं होतं. तेही नाही विचारलं.

२३ डिसेंबर

डोळ्यांनी पाहिलं! सकाळच्या धुक्यात दादा मोहाच्या खोडापाशी, डोंग्यात, लाकडी होडीत उभा. टोपल्यातून मुठी भरभरून भुकटी पाण्यात टाकत होता. गेळफळाची भुकटी — मासे गुंगवून मारायची! मला मासा लागतो म्हणून माझी जागा नासवायला निघाला!

दुपारी पानठेल्यावर गाठलं त्याला, चारचौघांत. ओरडलो, "पाण्यात विष टाकून राहिला तू! मोह पुरला नाही, आता मासेही कायले मारतं?" लोक थांबून बघायला लागले. दादानं हातातली बिडी विझवली, उरलेली खिशात ठेवली आणि घराकडं गेला.

२४ डिसेंबर

एवढं बोलायला नको होतं. थोरला आहे. लहानपणी मला खांद्यावर बसवून नाला पार करायचा. आणि मी त्याला गावासमोर...

११ जानेवारी १९८०

मोहापाशी मरळ नाही. बारीक मासोळीही नाही. त्या दिवसापासून एकदाही गळ हलला नाही. पण मेलेला मासाही एक तरंगला नाही! विष असतं तर काठ भरून गेला असता. मग काय टाकत होता तो?

दादाही तलावावर दिसत नाही. आज माफी मागायची म्हणून त्याच्या दारापर्यंत गेलो. आत वहिनी भांडी घासत होती, दादा खोकला. परत आलो. काय माणूस आहे मी!

१९ जानेवारी

दादा गाव सोडून गेला. लाखांदूरला, लेकीकडे, कायमचा. सकाळच्या एसटीनं. सगळं गाव त्याला भेटून आलं म्हणे. मी गिरणीवर होतो. मुद्दाम होतो.

२० जानेवारी

वहिनी दुपारी निघाली. जाताना अर्धं पोतं कोंडा ओट्यावर आणून ठेवला. "भाऊजी, हे रोज मोहापाशी कोंड्याचं एक टोपलं टाकत होते तुमच्यासाठी. म्हणे, पाणी उतरलं, लहान्याले मासोळी सापडून नाही राहिली. जाता जाता सांगून गेले — आता पाणी आणखी उतरंल, मोहापाशी नोको, शेतातल्या जुन्या विहिरीपाशी टाकजो म्हणा त्याले."

इतक्या वर्षांनी दादा माझ्याशी बोलला. पोत्यावर माझ्याच गिरणीचा शिक्का आहे.