जाड्याचं गेट

१ नोव्हेंबर २००६, बुधवार. सकाळी ७
ही डायरी कारखान्यानं ९५ साली दिलेली. कोरीच ऱ्हायलीती. सालाचा आकडा खोडला, वार मातूर बरोबर बसत्यात. कारखान्याची वस्तू वाया जात न्हाय. माणूस जातंय.
आजपास्नं रोज लिवणार. वाचायचं कुणी न्हाय.
तिकडं शिरोळला गाळपाचा भोंगा सुरू झाला आसंल. मी हितं शाहूपुरीत, लेकीच्या माडीवर. खाली जावयाचं नेट कॅफे. बायको मल्लव्वा गेल्यापास्नं हितंच. शिवलीला म्हंती, अप्पा आराम करा. चौतीस वर्सं मेन गेट सांभाळलेल्या माणसाला आराम म्हंजे सजा. हे तिला कळत न्हाय. बी.ए. झालीया.

२ नोव्हेंबर. संध्याकाळी
खाली जाऊन बसलो. धा कम्प्युटर. पोरं एकमेकाला गोळ्या घालत्यात आणि वर चहा मागत्यात. फाल्तू.
नात सौंदर्या, अकरावीत हाय. जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरती आणि सरळ माझ्या पाठीवर आदळती. टकलावर टपली. रोजचं हाय. आज परत बजावलं, पळू नगंस. पळणारं माणूस चोर, चालणारं माणूस सायब. चौतीस वर्सांत हे गणित चुकलं न्हाय. ऐकलं, हसली, पळाली.

५ नोव्हेंबर, रविवार
घरात वाद. जावई शशिधर, तसं माणूस बरं, पण चेहरा कायम पावती फाटल्यासारखा. त्यानं पोरीला सांगिटलं, १९ तारखेला कॅफेवाल्यांची स्पर्धा हाय, त्यात कप आणला तर गेम ऱ्हाईल. न्हाय आणला तर २० पास्नं गेम बंद, खाली झेरॉक्स मशीन, आणि सौंदर्या सकाळ-संध्याकाळ फिजिक्सच्या क्लासला. पोरगी जेवली न्हाय. टीमची कॅप्टन हाय म्हणं ती. कशाची टीम, कशाचं काय. पण जेवली न्हाय हे खरं.
टीम पाच जणांची. पाचवा वृषभ. मोटरसायकलवरनं पडला, हात गळ्यात. बाकीची चांगली पोरं दुसऱ्या टीमांनी आधीच नेली.

६ नोव्हेंबर
पुण्यास्नं नवी सीडी आलीया. गेममधी नवा माणूस आलाय. हे एवढं जाडं. पोरं त्याला जाड्याच म्हंत्यात. बाकीच्यांनी पळायचं, दुसऱ्याच्या घरातनं झेंडा उचलून आपल्या घरात आणायचा, असं तीनदा आणलं की जिंकलं. जाड्यानं पळायचं न्हाय. आपल्या घराच्या तोंडाला लोखंडी गेट उभं करायचं आणि राखायचं.
मी म्हणलो, ही नोकरी मला ठावं हाय.
वृषभ हसला. सौंदर्या हसली न्हाय. तिनं मोकळी खुर्ची माझ्याकडं सरकीवली. मग म्हणाली, "आज्जा, फकस्त गेटवर उभं ऱ्हायचं हाय. आपला आला की उघडायचं, त्यांचा आला की न्हाय. जमंल?"
जमंल का. मला.
शाळा सातवीतच सुटली. पण गेटला शाळा लागत न्हाय.

७ नोव्हेंबर
वृषभनं प्लास्टरच्या हातानं शिकवाय घेतलं. एका गोष्टीला धा वेळा. सगळं इंग्रजीत लिवलंय, मी चित्रावरनं वळखतो.
जाड्याला चार कामं येत्यात. एक नंबरला गेट. ई दाबलं की उघडतंय. दोन नंबरला ढाल. तिच्यामागं आपली माणसं लपत्यात, पण ती हातात आसंल तर बंदूक चालत न्हाय. तीन नंबरला भोंगा. वाजीवला की दुस्मन कुठं हाय ते दिसतंय, पण आपण कुठं हाय ते त्यास्नीबी कळतंय. चार नंबरला स्वतःच्या अंगावरलं चिलखत काढून दुसऱ्याला द्यायचं. गेटच्या पलीकडनंबी देता येतंय म्हणं.
चौथं काम कुणा येड्यानं काढलंय? पावसात आपला रेनकोट दुसऱ्याला देऊन कोण भिजंल? वृषभला सांगिटलं, तीन शिकीव. म्हणला, चौथंच लई कामाचं हाय. बारक्या पोरांचं ज्ञान.

८ नोव्हेंबर
भोंगा चांगला हाय. अगदी कारखान्यासारखा. बेचाळीस वेळा वाजीवला. सौंदर्यानं कानावरलं ते काढून ठेवलं आणि बाहीर जाऊन उभी ऱ्हायली. गार वारं घ्यायला आसंल.

९ नोव्हेंबर
लोडशेडिंग. सराव न्हाय. आदुगरच तयार हाय, त्यामुळं नुकसान न्हाय.

१० नोव्हेंबर
माऊस म्हंजे उंदीर म्हंत्यात, आणि पळतोयबी तसाच. जाड्या आज सारखा भिंतीकडं तोंड करून उभा ऱ्हायला. टेबल तिरकं हाय. जावयाला सांगिटलं. जावयानं टेबलावर गोटी ठेवली. गोटी हलली न्हाय. गोटीबी त्याच्याच घरची.

१२ नोव्हेंबर, रविवार
आपसात सराव. समोरच्या बाजूला कॅफेतलीच दुसरी पोरं घेतली. माझ्या बाजूची चारीच्या चारी गेटबाहीर मेली. लगीच कालवा, आज्जानं उघडलं न्हाय.
सगळी पळत आलती. एकबी सरळ चालत आलं न्हाय. गेटला कारण सांगायचं, नाव सांगायचं, मग आत. वृषभ म्हणला, डोस्क्यावर नाव असतंय, हिरवं आपलं, तांबडं त्यांचं. मी म्हणलो, कारखान्यात आमचीच खाकी घालून एकजण साखरंची पोती नेत हुता. रंग कुणीबी घालतंय. चाल बगायची. चाल उसनी मिळत न्हाय.
यावर वृषभ प्लास्टरमधी पट्टी घालून खाजवत बसला.

१३ नोव्हेंबर
सौंदर्या माडीवर आली. पळत न्हाय, रोजच्यापेक्षा जरा हळू. माझ्याशेजारी बसली. मला समजावाय लागली की गेममधी पळायलाच लागतंय, मागनं गोळ्या येत असत्यात. आणि चालत येतोय त्यो वाईट, कारण चाललं की पायांचा आवाज हुत न्हाय. म्हणून त्यांची माणसं चोरून येताना चालत्यात.
ऐकून घेतलं. पोरगी हाय, अनुभव न्हाय.
शेवटी म्हणाली, "आज्जा, मला फिजिक्स येत न्हाय. हे एकच येतंय."
मी म्हणलो, तू काळजी करू नगंस, गेटवर मी हाय. तिनं टपली मारली आणि गेली.

१५ नोव्हेंबर. ठराव
१) भोंगा मोजकाच. धा वेळा.
२) ढाल कायम हातात.
३) आत-बाहीरची नोंद ठेवायची. वही आणली. नाव, कारण, वेळ, सही.
४) चौथं काम न्हाय.
दुपारनं वही घेऊन सराव केला. नोंद लिवूपर्यंत दोन डाव संपले. गेम लई घाईचा केलाय. करणाऱ्याला कामाची शिस्त ठावं न्हाय.

१६ नोव्हेंबर
वृषभनं वही लपीवली. त्याचा दुसरा हात मोडावा वाटला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
जेवताना शिवलीलानं इषय काढला. अप्पा, ह्या वयात कशाला, दुसरं कोणतरी बगूया. जावई मधीच म्हणला, मामांना गेटची सवय हाय, फकस्त जीपची गोष्ट परत नको व्हायला. आणि पापड मोडला.
त्याला कुणी सांगिटली? शिवलीलानंच.
लिवूनच ठेवतो, एकदा निकाल लागूदे. ९५ चा फेब्रुवारी. पांढरी जीप, आणि तिच्या बाजूनं एकजण सफारी घालून सावकाश चालत आलता. मागं हात बांधलेलं. मी सलाम केला, गेट उघडलं. जीपमधी स्टोअरमधलं तांबं हुतं. मला काय म्हाईत? सायबाला विचारायचं असतंय व्हय? त्यो सायब नव्हता हे नंतर कळलं. नंतर सगळ्यास्नीच कळतंय.
तवापास्नं मला मागच्या गेटला टाकलं. मळीच्या बैलगाड्या जात्यात तितं. मागचं गेट जास्त जबाबदारीचं असतंय. बैल काय बोलत न्हाय.
त्या साली लिवण्यासारखं काय झालं न्हाय, म्हणून डायरी कोरी ऱ्हायली.

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
इस्त्रीचा शर्ट. दाढी केली. खाकी टोपी ट्रंकंतनं काढली. शिवलीला म्हणाली, टोपी कशाला. गेट हाय म्हणून.
आपल्याच कॅफेत स्पर्धा. शेवटचा डाव राजारामपुरीच्या टोळीबर हुणार आसं पोरं म्हंत्यात. त्यांचा कॅप्टन सयाजी. सळसळीत पोरगं, केसात तेल न्हाय.
सौंदर्या पाया पडली. म्हणाली, कप हितंच ठेवूया आज्जा, काउंटरवर. मी म्हणलो, जागा मोकळी कर.

१९ नोव्हेंबर. दुपारी ४
हरलो.
टेबल तिरकंच हाय.

२० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०
काल काय झालं ते नियमानं लिवतो.
शेवटच्या डावापर्यंत पोचलो ते माझ्यामुळं. सकाळच्या टोळ्या पळत आल्या, एकालाबी आत सोडलं न्हाय. आपल्यापैकी पण कुणाला सोडलं न्हाय, तर ती बाजूच्या खिडकीतनं चढून गेली. तिथं खिडकी हाय हे मला सराव असताना कुणी सांगिटलं न्हाय.
शेवटी राजारामपुरी. दोन-दोन झालं. आता एक झेंडा जो आणंल त्यो जिंकला. खिडकी त्यांनी अडीवली. सौंदर्या त्यांचा झेंडा आणाय गेली. मी गेटवर. हातात ढाल.
एकजण आला. सावकाश. घाई न्हाय, कालवा न्हाय. बंदूक खाली. गेटसमोर येऊन उभा ऱ्हायला. डोस्क्यावर तांबडं हुतं, ते दिसलं मला, न्हाय आसं न्हाय. पण चाल. अशी चाल मी वर्सानुवर्सं बगितलीया.
ई दाबलं.
त्यो आत गेला. मी गेट लावलं. लगीच लावलं, हेबी कुणी बोलत न्हाय.
मग सौंदर्या आली. पाठीवर त्यांचा झेंडा, मागं त्यांची तीन माणसं, आणि अशी पळत, अशी पळत. माल घेऊन पळणारं माणूस. माझं बोट ई वर हुतं. हुतं, पण दाबलं गेलं न्हाय. पोरगी शेजारच्याच खुर्चीवर. एकदा म्हणाली, आज्जा उघडा. मग म्हणाली, चौथं, आज्जा, चिलखत. चौथं मी शिकलोच नव्हतो. चार नंबर कुठला ते बगूपर्यंत ती गेटला टेकून पडली.
आतनं त्यो परत आला. पाठीवर आपला झेंडा. चालतच. गेटपाशी थांबला.
जाणाऱ्याला काय विचारणार. उघडलं.
पलीकडं सयाजी खुर्चीवर उभा ऱ्हाऊन हसाय लागला. म्हणला, ह्या जाड्याला आमच्या टीममधी घेतो, पगार देऊन. सगळं कॅफे हसलं. जावई हसला न्हाय. भिंतीवरलं घड्याळ पुसाय लागला.
सौंदर्यानं कानावरलं काढलं, वायर नीट गुंडाळली. आवाज चढीवला न्हाय.
"आज्जा, त्यो चालत आला म्हणून सोडलासा?"
मी माऊस टेबलाच्या मधोमध सरळ ठेवला.
"आणि मी पळत हुतो, कारण झेंडा माझ्याकडं हुता."
टोपी काढून ठेवली. उकडत हुतं.

२१ नोव्हेंबर
गेम बंद. जावयानं एकेक कम्प्युटरवरनं काढला. जाड्या कसा काढत्यात ते बगाय गेलो. काय न्हाय, एक बटण, आणि हुय म्हणायचं. एवढा मोठा माणूस.
चूक गेम करणाऱ्याची. गेटवर आलेल्याला बोलता आलं पायजे. बोलला असता तर मी आवाजावरनं वळखला असता.

२३ नोव्हेंबर
झेरॉक्स मशीन आलं. मोठं हाय. जावयाला सांगावं म्हणलं, पोरीचा दोष न्हाय, माझा हाय, तिला आणखी एक महिना द्या. सांगाय खाली गेलो. त्यो मशीनवाल्याबर बोलत हुता. उभा ऱ्हायलो. त्यानं विचारलं, काय मामा? मी म्हणलो, टेबल आता सरळ वाटतंय.
वर आलो.

२५ नोव्हेंबर
दारात स्टूल टाकून बसतो. येणाऱ्याला कारण विचारतो. झेरॉक्स, म्हंत्यात. कशाची? कितीजण माघारी जात्यात, त्यास्नी कामच नसतंय. जावई म्हणला, मामा, स्टूल आत घेऊया. घेतलं.
वृषभ आलता. प्लास्टर निघालंय. वही परत दिली. एक नोंद सोडली तर कोरीच हाय, पहिल्या पानावर माझीच सही. म्हणला, आज्जा, मी असतो तरी हरलो असतो. खोटं बोलाय येत न्हाय त्याला.

२६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७
जिन्याच्या तळाला बसलो हुतो. वरनं पायांचा आवाज आला न्हाय, म्हणून ध्यान न्हवतं.
सौंदर्या. क्लासला निघालीती. पाठीवर दप्तर, वेणी घट्ट. एकेक पायरी उतरत आली. घाई न्हाय, कालवा न्हाय. माझ्यासमोरनं सावकाश चालत गेली. माझ्याकडं बगितलं न्हाय.
मी उठून उभा ऱ्हायलो हे नंतर ध्यानात आलं. हात कपाळाला लागलाता.