माझ्या तोंडातली नळी

११ जानेवारी
काल गोव्याहून जयपूरला परत. निखिलने डायव्हिंगचे सूट बाल्कनीत वाळत घातलेत. शेजारच्या भाभीजी कौतुकाने बघून गेल्या. मला त्या सुटांकडे बघवत नाही.
लिहूनच टाकते. बुडालेल्या त्या जुन्या वाफेच्या मालबोटीत, बॉयलरच्या मागे, गाळ उसळला. काही दिसेना. नि. घाबरला. हवा हवी तर जोडीदाराच्या छातीवरची पिवळी, जादाची नळी घ्यायची, हे शंभरदा घोटलेलं. याने माझ्या तोंडातलीच ओढली! पिवळी मी चाचपडत शोधली. मिळाली म्हणून हे लिहितेय. वर आल्यावर साधं सॉरीसुद्धा म्हणाला नाही.

१४ जाने., संक्रांत
गच्चीवर पतंग, कर्णे, आरडाओरडा. नि.च्या सीतापुऱ्याच्या ऑफिसातली मराठी मंडळी तिळगुळाला आली. नि. सांगतो काय, "खाली हिची जाम तंतरली होती. मीच वर आणलं." सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी. त्याला तिळगूळ दिला, गोड बोलणं काही जमलं नाही.

१६ जाने.
नि.ने फेब्रुवारीचं बुकिंग केलं म्हणे. तीच बोट, या वेळी पार इंजिनरूमपर्यंत. "मतलब, तुझी भीती जाईल."
माझी?

रविवार
बनी पार्कातल्या हॉटेलच्या पूलमध्ये सराव. पाणी बर्फ. नि.ने अगदी शिकवल्यासारखी खूण करून हवा मागितली. मी दोन्ही हातांनी तोंडातली नळी गच्च धरली. सुटेचनात.
वर येऊन विचारतो, "काय गं, विश्वास नाही?"
"नाही."


बुधवार
नाशिकहून सासूबाईंचा फोन, स्पीकरवर. नि.चा किस्सा त्यांच्यापर्यंतही पोचलाय. "झेपत नाही तर कशाला जातेस गं बाई?" मी पोळ्या लाटत होते. मान वर केली नाही.
मग नि. म्हणाला, "आई, घाबरलो मी होतो. हिची हवा मी ओढली."
तव्यावरची पोळी करपली. बरं वाटलं, आणि संतापही आला. आधी मला सांगायचं ना रे!

रविवार
पुन्हा पूल. त्याने खूण करून पिवळी मागितली. मी तोंडावरचा एक हात काढला, पिवळी दिली. दुसरा निघेना.
बुकिंग उद्यापर्यंत रद्द करता येतं. कपडे बदलताना त्याने हळूच विचारलं, "जायचं ना?"
म्हटलं, "दुसरा हात सुटू दे."