फुलांच्या खोऱ्यातली सहा बिघे

अप्पा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी आता विचारतेय: त्या ओसाड खोऱ्यात तुम्ही दर भाद्रपदात आठ दिवस करत काय होतात?

आम्हाला तुम्ही कारखान्याचा दौरा सांगायचात. कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरमधून होल्डॉल घेऊन निघायचात, आई दशम्या बांधून द्यायची. राजस्थानातल्या एका कामावरून परतताना तुम्ही सहा बिघे रेताड जमीन आणि त्यावरची दगडी खोली घेऊन टाकलीत, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिथं पिकणार काय?" तुम्ही म्हणालात, "काही नाही." मला एकदाच नेलंत, आठवीच्या मेच्या सुट्टीत. रेल्वे, मग बस, मग उंटगाडी. खोलीपुढे उभी राहून मी रडकुंडीला आले. "अप्पा, इथं तर काहीच नाही!"

"तुला बघायचं नाही, म्हणून नाही," तुम्ही फटकारलंत. पुन्हा कधी चल म्हणाला नाहीत.

यंदा एका सौर ऊर्जेच्या कंपनीला ते सगळं खोरं हवंय. कोलार रोडच्या घरून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, तू रिटायर आहेस, जाऊन सही करून ये ना. पटवारी कागद तयार ठेवतोय." गेले. भाद्रपदच होता. टेकडी चढून जीप पलीकडे उतरायला लागली आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, "रोको भैया." खाली सगळं पिवळं, जांभळं. सराटा, शंखपुष्पी, आणि कितीतरी फुलं, ज्यांची नावंच मला येत नाहीत.

शेजारच्या वस्तीतली म्हातारी काठी टेकत आली. खोलीची किल्ली अजून तिच्याकडेच. मी तुमची मुलगी म्हटल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं. "बाबूजी तो हर भादों आठ दिन यहाँ पेट के बल लेटे रहते थे," ती म्हणाली. "हर फूल का नाम पूछते. मैं बताती, अगले साल फिर पूछते." मग किल्ली माझ्या हातात ठेवत, "मैंने कहा था, बच्चों को लाओ. बोले, बेटी को यहीं डाँट दिया था, अब किस मुँह से बुलाऊँ."

मी वाट बघत होते हो, अप्पा. मला वाटायचं, तुमचाच राग गेला नाही.

ती गेल्यावर मीही पालथी झाले, या वयात, कोपरं वाळूत रुतवून. एक हिरवा किडा शंखपुष्पीच्या देठावर चढत होता. पडला, परत चढला. घड्याळ बघितलं तर दीड तास गेलेला. तुमचंही असंच व्हायचं का? पाठ नाही भरून यायची? संध्याकाळी जेवायला काय करायचात? आईला यातलं काही ठाऊक होतं का?

दुसऱ्या दिवशी तहसिलीत पटवाऱ्यानं कागद पुढे सरकवला, स्वतःचं पेनही दिलं. मी दोनदा वाचून कागद त्याला परत केला आणि बाहेर आले.

धाकट्याला मात्र सांगितलंय, पटवारी रजेवर होता.