निंबातला राखी धनेश

६ एप्रिल, अमळनेर
कॉलेजात असताना नदीकाठी वर्गातल्या नूतनने माझी मान धरून वर वळवली, "तो बघ, राखी धनेश," म्हणाली, आणि तिथून माझं सगळं बिघडलं. पक्षी कसला, मी तिच्याकडेच. राख म्हणजे मेलेला रंग, म्हटलं. "ये, नीट बघ. राखेत निळी झाक असते. राखी बगळा, राखी वटवट्या... निलगिरीच्या कोवळ्या पानावरही तीच."
पुढे सरांशी भांडून कॉलेज सोडलं. ती शिकतेय. मी मामाच्या वखारीत लाकडं उतरवतोय.

९ एप्रिल
मामाने पारोळ्याकडे बांधावरचा निंब तोडायला घेतला. बघायला गेलो तर ढोलीत धनेशची मादी! ढोलीचं तोंड लिंपून आत अंड्यांवर बसलीय. बारीक फट, नर त्यातून उंबरं भरवतो.
नूतनला फोन. इतकं कधी बोलली नव्हती. "पिल्लं उडेपर्यंत तोडू देऊ नको."
मामा : "पाखरं देखत बसनूत ते वखार बंद करनी पडी."

१२ एप्रिल
काल भरदुपारी बुंध्याशी दगड टेकवला, शेंदूर फासला, नारळ फोडला. कुत्रंही जागं नव्हतं.
आज मजुरांनी करवत खाली ठेवून चपला काढल्या. "आठे देव शे भो. हात नही लावतस आम्ही." मामाचं तोंड!
नूतन फोनवर किती हसली. तेच ऐकू येतंय.

१६ एप्रिल
बठ्ठा गाव लोटलाय. मंडप, धूप, भोंगा. नर समोरच्या झाडावर चोचीत उंबर धरून बसतो. येत नाही. उडून जातो.
शेतमालक आबांना म्हटलं, भोंगा तरी थांबवा.
"देवले बी गर्दी लागस रे पोरा!" वर मलाच प्रसाद.

१७ एप्रिल
नूतन दुर्बीण घेऊन आली. ढोलीची फट बघितली. मग, "ती आत उपाशी आहे."
ओरडलो, तुझ्यासाठीच केलं ना!
"माझ्यासाठी केलंस, मग तिचं काय?" एसटीने निघून गेली.
दगड मी ठेवला हे सांगितलं तर करवत. नाही सांगितलं तर...

१८ एप्रिल
झोप नाही. नूतन फोन उचलत नाही. निंबाखाली आज भंडारा, दिवसभर पंगती. म्हणजे नर आजही...
दगड मीच ठेवला, हे आबांना सांगणार; मग करवत थांबवायला काय बोलायचं, ठरत नाही. मार बसेलच. मामी विचारतेय, "चहा न घेता कुठे?" गाडीची किल्ली घेतली. मामा आंघोळीहून यायच्या आत निघतो. दार बाहेरून ओढून घेतो.