फक्त पपी क्लास

२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.
थोरल्या बहिणीच्या, विनीच्या, खुब्याचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी चपला घालून कुत्र्यांच्या आवारातल्या चिखलात उतरणाऱ्या बाईचे दुसरे काय होणार, असे मी तिच्या पलंगाशेजारी बसून तिला स्पष्ट सांगितले. नंतर वाटले, आधी द्राक्षे द्यायला हवी होती. ती सहा आठवडे हॉस्पिटलात. तोवर तिचा कुत्रा माझ्याकडे.

बॉर्डर टेरियर, नर, साडेदहा महिन्यांचा. विनीच्या शेवटच्या कुत्रीच्या शेवटच्या वेतातले हे शेवटचे पिल्लू. कागदोपत्री नाव 'फेलगार्थ लॉर्ड चान्सलर'. विनी त्याला टर्निप म्हणते. ज्याने छत्तीस वर्षे ग्रामर स्कूलमध्ये लॅटिन शिकवले, तो माणूस कुरणात उभा राहून एका कंदमुळाच्या नावाने हाका मारणार नाही. मी कागदोपत्री नावच वापरणार.

सायं. ६. लॉर्ड चान्सलर हाकेला आले नाहीत. चाळीस मिनिटे.

५ एप्रिल, शुक्रवार.
विनीची एकच मागणी. ११ मेला काउंटीचा डॉग शो आहे. तिच्या स्वयंपाकघरात शेगडीवरच्या भिंतीला खिळ्यांची ओळ आहे. तिने वाढवलेल्या एकेका कुत्र्याचा एकेक खिळा, आणि त्यावर त्याच्या पहिल्या शोमध्ये, पपी क्लासमध्ये मिळालेले रिबिनीचे फूल. चाळीस वर्षांत बावीस फुले. तेविसावा खिळा रिकामा आहे. टर्निप २० मेला वर्षाचा होईल. मग पपी क्लास त्याला कायमचा बंद. आणि विनी यापुढे पिल्ले काढणार नाही.

"फक्त पपी क्लास भर, एडमंड. दुसरं काही नको. आणि शहाणपणा तर मुळीच नको," म्हणाली.

मी शब्द दिला. तिच्या शेवटच्या वाक्याची आवश्यकता नव्हती.

७ एप्रिल, रविवार.
शोचे माहितीपत्रक वाचले. मुद्रणदोष अकरा. वर्ग पुढीलप्रमाणे: मायनर पपी, पपी, ज्युनिअर, नॉव्हिस, आणि असेच चढत चढत शेवटी ओपन, ज्यात कोणताही कुत्रा येऊ शकतो. पपीविषयीचे पान वाचले नाही. त्यात माझ्या पातळीचे काही असेल असे वाटले नाही.

या जातीचा कुत्रा कसा असावा, याचे अधिकृत वर्णनही दोन वेळा वाचले. लॉर्ड चान्सलर प्रत्येक कलमात बसतात. 'डोके पाणमांजरासारखे असावे.' मी पाणमांजर कधी पाहिलेले नाही. परंतु लॉर्ड चान्सलरांचे डोके पाहिल्यावर पाणमांजर कसे असेल याविषयी शंका उरली नाही.

९ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४.
ऑलरेनशॉ बाई आल्या. विनीची मैत्रीण, तीस वर्षे शोच्या रिंगणात नंबर पुकारण्याचे काम करतात. आवाज त्याला साजेसा.

"अहो मास्तर, पहिल्यांदाच ना तुम्ही? मग खालचा वर्ग. आणि आधी हे पोरगं परीक्षकांच्या टेबलावर उभं राहतंय का बघा."

मी सहज ओपनविषयी विचारले. त्या चहा सांडेपर्यंत हसल्या. "ओपनमध्ये चॅम्पियन येतात हो! ते झोपेतसुद्धा पाय नीट ठेवून उभे असतात."

मी बिस्किटे पुढे केली. ती लॉर्ड चान्सलरांनी घेतली.

१२ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ११.४०.
प्रवेश अर्ज टपालात टाकण्याचा शेवटचा दिवस. अर्ज समोर. पेन भरले. पुसले. पुन्हा भरले.

१२.०५. ओपनवर खूण केली.

कारणे नोंदवून ठेवतो. ज्याने गुणवत्ता सिद्ध केली आहे त्याला बालवर्गात बसवणे हा त्याच्यावर अन्याय. दोन्ही वर्ग भरता आले असते. परंतु एकाच विद्यार्थ्याला एकाच दिवशी बालवाडीत आणि विद्यापीठात पाठवणे म्हणजे स्वतःच्याच निर्णयावर अविश्वास दाखवणे. शिवाय विनीला हवे आहे ते फूल. ओपनचे फूल आकाराने मोठे असते.

४.१५. विनीचा फोन. "भरलास?" मी म्हणालो, "भरला." हे असत्य नव्हे. "गुणी माझा भाऊ," म्हणाली.

सायं. ६. भूक नाही.

२० एप्रिल, शनिवार.
सराव. जेवणाच्या टेबलावर रबरी चटई घालून लॉर्ड चान्सलरांना उभे केले. ते बसले. पुन्हा उभे केले. ते आडवे झाले. परीक्षक दोन्ही हातांची ओंजळ छातीभोवती घालून कुत्रा मापतात. कोल्ह्याच्या बिळात शिरण्याइतकी छाती अरुंद हवी, म्हणून. मी मापले, तर त्यांना तो लाड वाटला. पोट वर.

टेबलावर उभ्या असलेल्या (तीन सेकंद) लॉर्ड चान्सलरांचा फोटो विनीला नेऊन दाखवला. तिने तो उशीशी ठेवला. नर्सला सांगून ठेवले आहे की अकरा तारखेला संध्याकाळी फूल येणार, ते पलंगाच्या दांड्याला बांधायचे. नर्स मला म्हणाली, "काका, विसरू नका हं."

परतताना दोनदा चुकीच्या रस्त्याला लागलो.

२८ एप्रिल, रविवार.
शोच्या सेक्रेटरीला फोन केला. केवळ नियमाची माहिती घ्यावी म्हणून विचारले: एखाद्याला, समजा, वर्ग बदलायचा झाल्यास?

"अर्ज बंद झाले की बदल नाही. आमच्या अध्यक्षांच्या कुत्र्याला नाही, तिथे तुमच्याला कुठून?"

मी म्हणालो, प्रश्न माझ्या कुत्र्याचा नव्हताच. "सगळे असंच म्हणतात," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. उद्धट मनुष्य.

६ मे, सोमवार.
निश्चय: आज विनीला सर्व सांगायचे. तीन मुद्दे, लहान उपसंहार.

गेलो तेव्हा ती चौकट धरून चालायला शिकत होती. चार पावले टाकली. घामाने कपाळ ओले. "बघ, टर्निपच्या आधी मीच रिंगणात उतरते की नाही," म्हणाली. अशा रुग्णाला व्यत्यय आणणे क्रूरपणाचे ठरले असते. निश्चय शोनंतर अमलात आणणे अधिक विवेकी. तेव्हा हातात फूलही असेल.

नेलेली द्राक्षे द्यायची राहिली. गाडीत खाल्ली. आंबट.

११ मे, शनिवार. सकाळी ७.
ट्वीडचा कोट. शाळेचा टाय. लॉर्ड चान्सलरांना विंचरले. वातावरण अनुकूल.

१०.३०. रिंगणाबाहेर उभा. दंडावर नंबर ४७. पपी क्लास सुरू झाला. प्रवेश दोन. त्यातल्या एकाचे पोट बिघडल्याने तो आलाच नाही. राहिला एक. त्याने परीक्षक बाईंच्या बुटावर पाय वर केला, आणि पहिला आला. लाल फूल.

मी टाळ्या वाजवल्या.

१२.१५. ओपन. सहा कुत्रे. पाच जण दगडात कोरल्यासारखे उभे. लॉर्ड चान्सलर टेबलावर बसले. परीक्षक बाई ओंजळीत मापत असताना त्यांनी बाईंचा कान चाटला. आणि धावायच्या वेळी एका प्रेक्षकाच्या हॅम सँडविचच्या दिशेने मला घेऊन गेले. फुले पाच होती.

बाहेर पडताना ऑलरेनशॉ बाई कानाशी म्हणाल्या, "मास्तर, लांब जाऊ नका हं." दया मला सहन होत नाही.

१२.४०. गाडीत. परीक्षक बाईंना पाणमांजराच्या डोक्याचे ज्ञान नसल्याबद्दल समितीला पत्र लिहिले. चार परिच्छेद. लाउडस्पीकरवरून कुणीतरी कुणाला तरी सारखे पुकारत होते, एकाग्रता भंगली. काचा वर केल्या. वाटेतल्या पेटीत पत्र टाकले.

सायं. ५. हॉस्पिटलात गेलो नाही. गाडीतून फिरल्याने लॉर्ड चान्सलर दमले असावेत.

१२ मे, रविवार. सकाळी १०.
ऑलरेनशॉ बाई. दार उघडण्याआधीच बोलू लागल्या.

"अहो, होतात कुठे तुम्ही? तीनदा पुकारलं! सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, घसा बसला माझा!"

मी कारण विचारले. सगळे वर्ग संपल्यावर त्या जातीच्या सर्व पिल्लांना पुन्हा रिंगणात बोलावतात, सर्वोत्तम पिल्लू निवडून त्याला फूल द्यायला. ते कोणत्या वर्गात उतरले होते हे पाहत नाहीत. दुसऱ्या पिल्लाकडून हरलेले नसले की झाले. ओपनमधले पाचही विजेते प्रौढ होते. पिल्ले दोनच: तो बूट भिजवणारा, आणि आमचे.

"आणि परीक्षक बाई स्वतः विचारत होत्या, ते सुंदर डोक्याचं पिल्लू कुठंय म्हणून. अगदी पाणमांजर, म्हणाल्या."

माहितीपत्रक काढले. नियम होता. पपीविषयीच्या पानावर. मुद्रणदोष एकही नाही.

पत्र सोमवारी सकाळच्या टपालाने पोचेल.

१४ मे, मंगळवार. दुपारी ३.
विनीकडे गेलो. निवेदन लिहून नेले होते, तीन पाने. पहिल्या पानाच्या मध्यावर तिने हात वर केला.

"ठेव ते. तू ओपन भरणार हे मला तू रांगत होतास तेव्हापासून माहीत होतं. ऑलरेनशॉला मी आधीच सांगून ठेवलं होतं, हा हरेल, मग शेवटी पिल्लांना बोलावशील तेव्हा याच्यावर लक्ष ठेव. सगळं नीट बसवलं होतं मी, या पलंगावरून."

मग म्हणाली: "हरल्यावर तू शेवटपर्यंत थांबशील, एवढंच मी धरून चालले होते."

रागावली असती तर माझ्याकडे दुसरे आणि तिसरे पान होते. ती रागावली नाही. पलंगाच्या दांड्याला नर्सने फुलासाठी बांधून ठेवलेली दोरी तिने एका हाताने सोडवायला घेतली. गाठ सुटेना. मी सोडवली.

"टर्निपला मजा आली का रे?" तिने विचारले.

मी पाहिलेच नव्हते.

२० मे, सोमवार. सकाळी ८.
आज कुत्रा वर्षाचा झाला. कुरणाच्या टोकाला उभा होता. कुणी आसपास नाही याची खात्री करून हाक मारली: टर्निप. पहिल्याच हाकेला आला, कान उडवत, तोंडभर चिखल घेऊन. त्याला मजा येते तेव्हा तो असा दिसतो, हे आज पाहिले.

दुपारी ३. विनीकडे. जूनच्या शोचा अर्ज. तिने सांगितले तो वर्ग भरला: नवशिक्यांचा. त्यात कुत्रा नवा लागत नाही. धरणारा नवा असला की पुरते. सुवाच्य अक्षरात, अत्यंत काळजीपूर्वक, एकही खाडाखोड न करता अर्ज भरला आणि तिच्या हाती दिला.

तिने चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिली. कुत्र्याच्या जन्मतारखेच्या चौकटीत मी माझी जन्मतारीख लिहिली होती.

"या वयाला म्हाताऱ्यांचा, व्हेटरन क्लास असतो, एडमंड," विनी म्हणाली. "पण शेवटपर्यंत तिथेही थांबावंच लागतं."