तिसरा फटका

मीरा रोड, रविवार, १२ नोव्हेंबर २००६

आज मी सख्ख्या भावाचा हात मोडला. लिहिलं की बरं वाटेल म्हणून बसलो, पण वाटत नाहीये.

माझ्या टू-सीटर स्पोर्ट्स कारचे टायर झिजले होते, म्हणून धाकट्या निलेशला घेऊन हाटकेशच्या टायरच्या दुकानात गेलो. त्याला रेसिंगचे टायर हवे होते, मला ओल्या रस्त्यावर पकड ठेवणारे. आमचा वाद चालू असताना दुकानदाराने पुढचं चाक काढलं. "रिम मुडा है साब. गाड़ी कहीं ठुकी क्या?"

निलेश हसला. "अरे दादा, परवा मी चालवताना चौक गावच्या वळणावर जरा सरकली. जुई तर मजेत ओरडत होती."

जुई! माझी सात वर्षांची पोरगी, त्या गुळगुळीत टायरांवर!

चाकाचा पाना हातात कधी आला, आठवत नाही. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा त्याने हाताने अडवला आणि मनगटातून कट्ट आवाज आला. तो आवाज ऐकूनही मी तिसऱ्यांदा पाना उचलला, हेच छळतंय. दुकानदाराने मागून मिठी मारली नसती तर? कुठे मारणार होतो मी? डोक्यात?

"जॅक निसटला," निलेशने डॉक्टरांना सांगितलं. मी मान हलवली. त्याचं प्लास्टर सुकेपर्यंत मी दुकानात जाऊन मला हवे तेच चार टायर बसवून आलो. असा माणूस आहे मी.

घरी जुईलाही त्याने जॅकचंच सांगितलं. तिने प्लास्टरवरून हात फिरवला आणि घाबरून माझ्याकडे वळली.

"बाबा, तुला नाही ना लागलं?"